लिनक्स मिंट, जुना लॅपटॉप आणि कॅलेंडरवरचे खाडे

सहा-सात महिने झाले घरातल्या लॅपटॉपवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी सिस्टीम चालू आहे, म्हणजे मी कमी वापरायलोय आणि बायको जास्त, त्यामुळं हा रिव्ह्यू खरं तर तिचा आहे, टाईप फक्त मी करतोय. पहिल्याच आठवड्यात लिहिला असता तर नुसतं कौतुक झालं असतं आणि दुसऱ्या आठवड्यात नुसत्या शिव्या, म्हणून थांबलो.

लॅपटॉप म्हणाल तर सातव्या जनरेशनचा आय५, ८ जीबी रॅम, कुठल्यातरी ऑफिसातनं उतरलेला. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर लागतो आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे आमचं घोडं एका जनरेशनसाठी अडलं. इथल्या एका दुकानात दाखवला (नाव कशाला घ्या), तर काउंटरवरच्या पोरानं झाकणसुद्धा न उघडता सांगितलं, "काका, भंगारात घाला." लॅपटॉपला भंगार म्हणल्याचा राग जास्त आला की मला काका म्हणल्याचा, ते अजून ठरलं नाही.

मग मिंट २२.२ टाकलं, सिनॅमन नावाच्या डेस्कटॉपवालं. हार्ड डिस्क काढून एसएसडी (तिच्यापेक्षा कितीतरी वेगवान साठवण) आधी टाकली, ती टाकली नसती तर यातलं काहीच लिहिलं नसतं, तेवढं आधी करा. पेनड्राईव्हवरनं इन्स्टॉल न करताच चालवून बघता येतं, कीबोर्ड, आवाज, कॅमेरा सगळं तपासून घ्या आणि मग टाका. टाकायला अर्धा तास पण लागला नाही. सपोर्ट २०२९ पर्यंत आहे, तोवर लॅपटॉपच टिकला तर नशीब.

आमच्या घरी दुधाचे खाडे कॅलेंडरवर मांडतात. बायकोनं त्याच चौकटीत लॅपटॉपचे पण खाडे मांडायला सुरुवात केली, ज्या दिवशी काम अडलं त्या दिवशी 'लॅ'. पहिल्या महिन्यात सहा 'लॅ' होते, दुधाचे दोन. गवळी बरा.

पहिला खाडा वायफायचा. चिपचा ड्रायव्हर नाही, आणि तो डाऊनलोड करायला नेट पाहिजे, आता नेट कुठनं आणायचं? उपाय सोपा आहे, पण मला तो सुचायला एक संध्याकाळ गेली: अँड्रॉइड फोन केबलनं जोडा, यूएसबी टिदरिंग (फोनचं नेट केबलवरनं लॅपटॉपला देणं) चालू करा, मिंट लगेच ओळखतं. मग ड्रायव्हर मॅनेजर उघडा. सिक्युअर बूट (अनोळखी ड्रायव्हर अडवणारं कुलूप) चालू असेल तर तो एक पासवर्ड ठरवायला सांगतो आणि रिस्टार्ट केल्यावर निळी स्क्रीन येते, ती बघून मला वाटलं विंडोजच परत आलं की काय! तिथं दहा सेकंदात एखादं बटण दाबून 'एनरोल मोक' (म्हणजे नव्या ड्रायव्हरची किल्ली नोंदवणं) निवडायचं आणि तोच पासवर्ड द्यायचा, मी पहिल्यांदा चहा आणायला उठलो आणि संधी गेली.

दुसरा खाडा मराठीचा, आणि हा खरा मोठा. बायको शाळेत शिकवते, सगळं टायपिंग इंग्रजी अक्षरांवरनं मराठी होणाऱ्या पद्धतीनं. त्यासाठी आयबस आणि एम१७एन ही दोन पॅकेजं टाकून मराठीचा आयट्रान्स कीबोर्ड निवडला. सुरळीत चाललं, फक्त 'शाळा' होईना, सारखं 'शाला'. शिक्षिकेच्या लॅपटॉपवर शाळाच लिहिता येत नसेल तर काय उपयोग! शेवटी कळलं की कॅपिटल एल दाबला की ळ येतो. वरनं लिबर ऑफिसमध्ये (वर्ड-एक्सेलच्या जागी असलेलं फुकटचं) देवनागरीचा फॉन्ट वेगळा ठरवावा लागतो, ऑप्शन्समध्ये 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू करून तिथं बेसिक फॉन्ट बदलायचा, नाहीतर इंग्रजी एका फॉन्टात आणि मराठी भलत्याच. शाळेतनं येणारी जुन्या फॉन्टातली परिपत्रकं कीडमुंगी अक्षरात उघडत होती, तो फॉन्ट घरच्या जुन्या बॅकअपमध्ये सापडला, डबल क्लिक करून टाकला की झालं. वर्डमधले मोठे तक्ते मात्र थोडे सरकतात, ते अजून सरकतातच.

तिसरा, "अहो, हे पिशवीत तापलंय." झाकण लावलं तरी पूर्ण झोपत नव्हता. बघितलं तर स्लीपचा हलका प्रकार चालू होता, ग्रबच्या (लॅपटॉप चालू होताना लिनक्स सुरू करणारा प्रोग्राम) सेटिंगमध्ये 'डीप' करून टाकला, तेव्हापासून मिरजेला जाऊन आला तरी गार.

व्हिडिओचं पण तसंच. यूट्यूब लावलं की पंखा असा सुटायचा की मार्केट यार्डात हळदीच्या पावडरीची गिरणी चालू झाल्यासारखं वाटायचं. कारण साधं: यूट्यूब बऱ्याचदा एव्ही१ या नव्या प्रकारात दाबून व्हिडिओ पाठवतं आणि सातव्या जनरेशनच्या ग्राफिक्सला तो हार्डवेअरवर उलगडता येत नाही, सगळा भार प्रोसेसरवर. फायरफॉक्सच्या आतल्या सेटिंगमध्ये एव्ही१ बंद केलं की यूट्यूब व्हीपी९ हा जुना प्रकार पाठवतं, ते या ग्राफिक्सला जमतं. पंखा गप्प. बॅटरीसाठी टीएलपी हा वीज वाचवणारा प्रोग्राम टाकला, पण मिंटमध्ये आधीच असलेला त्याच कामाचा पॉवर प्रोफाईल्सवाला प्रोग्राम काढून मग टाका, दोघं एकमेकांच्या कामावर पाणी ओततात. दोन तास चालायचा तो आता पावणेतीन चालायला लागलाय, बॅटरी जुनी आहे, जास्त अपेक्षा नको.

ज्यांना विंडोज पण शेजारी ठेवायचंय त्यांच्यासाठी: विंडोजचं घड्याळ बरोबर साडेपाच तास मागं दिसलं तर घाबरू नका, लिनक्स आतलं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर ठेवतं आणि विंडोज त्यालाच इथली वेळ समजतं. एका कमांडनं जुळतं.

मिंटमधली सगळ्यात आवडलेली गोष्ट टाईमशिफ्ट, म्हणजे सिस्टीम होती तशी जपून ठेवणारा (त्यालाच स्नॅपशॉट म्हणतात) आणि बिघडली की परत आणणारा प्रोग्राम. दिवाळीच्या सुट्टीत मी नको तिथं हात घालून डेस्कटॉपच घालवला होता, काळी स्क्रीन. आदल्या दिवशीचा स्नॅपशॉट पंधरा मिनिटात परत आणला, बायकोला आजतागायत माहीत नाही. (आता कळेल.)

मग घ्यावं का? घरात कोणीतरी दोन-तीन संध्याकाळी घालवणारा असेल तर बिनधास्त घ्या, रोजच्या ब्राऊझर, टायपिंग, व्हिडिओ, यूपीआयचे हिशोब याला काही कमी पडत नाही आणि पैसे शून्य. तसा माणूस नसेल तर वायफायच्या पहिल्याच खाड्याला सोडून द्याल. मी पाचपैकी चार देतोय, बायको साडेतीन म्हणते.

तो अर्धा प्रिंटरचा. घरातल्या जुन्या लेसर प्रिंटरचा ड्रायव्हर टाकला, रांगेत काम दिसतं, दिवा पण लुकलुकतो, कागद काही येत नाही. चार रविवार घालवलेत. ती आता पेनड्राईव्ह घेते, विश्रामबागच्या झेरॉक्सवाल्याकडं जाऊन काढून आणते, येताना भडंग आणते. या महिन्यात कॅलेंडरवर तीन 'लॅ' आहेत, तिन्ही प्रिंटरचे.