ट्यूब अ‍ॅम्प घेताय? आवाज कुठे फाटायला हवा ते आधी ठरवा

लाखाच्या घरातला, काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा गिटारचा ट्यूब अ‍ॅम्प घ्यायला निघालेला माणूस बहुतेक वेळा नावांपासून सुरुवात करतो. फेंडर की मार्शल, व्हॉक्स की मेसा? मग रात्र रात्र यूट्यूबवर तुलना ऐकतो आणि आणखी गोंधळतो, कारण मोबाइलवर चारही छानच वाजतात. त्यापेक्षा प्रश्न उलट्या बाजूने घ्यावा. तुम्हाला जो फाटलेला (डिस्टॉर्ट झालेला) आवाज आवडतो, तो फाटतो कुठे? प्रीअ‍ॅम्पमध्ये (गिटारचा क्षीण सिग्नल वाढवणारा पहिला भाग), स्पीकर हलवणाऱ्या पॉवर ट्यूबमध्ये, की पायाखालच्या पेडलमध्ये? आणि तिथवर पोचायला अ‍ॅम्प जेवढा मोठा करावा लागेल, तेवढा तुम्ही जिथे वाजवता तिथे चालेल का?

दुसरा प्रश्न आपल्याकडे जरा जास्तच महत्त्वाचा. निवासी भागात कायद्याची मर्यादा दिवसा 55 डेसिबल आणि रात्री दहानंतर 45. वीसेक वॅटचा ट्यूब अ‍ॅम्प एकाच बारा इंची स्पीकरमधून पूर्ण उघडला, तर एक मीटरवर 110 डेसिबलच्या आसपास जातो. शेजारचे काका दार वाजवायला येतील ते 20 वॅटलाच, त्यासाठी 100 लागत नाहीत. 100 वॅट आणि 50 वॅट यांत फरक फक्त 3 डेसिबलचा असतो. कानाला आवाज दुप्पट वाटायला वॅट साधारण दहापट लागतात. तेव्हा ‘कमी वॅटचा घेतला म्हणजे घरात चालेल’ हा हिशोब मनातून काढून टाका. वॅट कमी केल्याने अ‍ॅम्प थोडा लवकर फाटायला लागतो, एवढंच.

मी इथे चार घराणी समोरासमोर ठेवतो: फेंडर डीलक्स रिव्हर्ब, व्हॉक्स एसी 30, मार्शल आणि मेसा बूगीची मार्क मालिका. हाताने बनवलेले महागडे बुटीक अ‍ॅम्प बरेचदा यांच्यापैकीच एखाद्याची सुधारलेली आवृत्ती असतात. मॅचलेस डीसी-30 चं मूळ एसी 30 मध्ये आहे. त्यामुळे हे चार कळले की बाकीच्यांची भाषा आपोआप कळते.

डीलक्स रिव्हर्ब आणि एसी 30: खरी निवड इथेच

डीलक्स रिव्हर्ब 1963 मध्ये आला. आज दुकानात मिळतो तो प्रामुख्याने ’65 चा रीइश्यू (जुन्या मॉडेलची नवी प्रत): 22 वॅट, दोन 6व्ही6 पॉवर ट्यूब, एक बारा इंची स्पीकर, वजन 19 किलो. सिंगल कॉइल पिकअपची स्ट्रॅट (फेंडरची स्ट्रॅटोकास्टर गिटार) लावून व्हॉल्यूम 3 वर ठेवा. आवाज स्वच्छ, वरचा भाग चकचकीत, मधला थोडा मागे गेलेला. 5 च्या पुढे जोरात मारलेल्या तारेला कड येते, हळू मारलेली स्वच्छच राहते. 7 च्या पुढे खर्जाच्या तारा पसरायला लागतात आणि आवाज वाढायच्या ऐवजी नुसता दाटतो. या अ‍ॅम्पची गंमत 4 ते 6 या अरुंद पट्ट्यात आहे, आणि तो पट्टा बँडसोबत तालमीच्या खोलीत किंवा छोट्या क्लबमध्ये अगदी बरोबर बसतो. फ्लॅटमध्ये नाही.

याला मिड्सचा (मधल्या सुरांचा) नॉबच नाही, फक्त ट्रेबल आणि बेस. म्हणूनच मध्यभाग पुढे आणणारा ट्यूब स्क्रीमरसारखा पेडल याच्यावर इतका शोभतो: अ‍ॅम्पने जिथे खड्डा ठेवलाय, नेमका तोच पेडल भरून काढतो. तुमचा फाटलेला आवाज पेडलमधूनच येणार असेल, तर बाकीच्या तिघांबद्दल वाचलं नाही तरी चालेल, हाच घ्या. वर स्प्रिंग रिव्हर्ब (घुमणारा आवाज) आणि ट्रेमोलो (आवाजाची थरथर) आहेतच.

’64 कस्टम ही त्याची हाताने वायरिंग केलेली आवृत्ती. किंमत रीइश्यूच्या जवळपास दुप्पट. त्यात रिव्हर्ब आणि ट्रेमोलो दोन्ही चॅनेलवर मिळतात, जे रीइश्यूमध्ये एकाच चॅनेलवर आहेत. दुप्पट पैशांत दुप्पट आवाज मिळत नाही. मिळते ती दुरुस्तीची सोय: सुटे भाग बोर्डवर मोकळे दिसतात, आणि साधा सोल्डरिंग येणारा जुना रेडिओवालासुद्धा एखादा कपॅसिटर बदलू शकतो. पंधरा-वीस वर्षं अ‍ॅम्प ठेवायचा असेल तर हा मुद्दा टोनपेक्षा मोठा ठरतो.

आता एसी 30. इंग्लंडमधल्या डार्टफर्डच्या जेएमआय कंपनीत डिक डेनी यांनी आधी एसी 15 आखला. पुढे बँडना तो पुरेना, म्हणून त्याच्या दुप्पट ताकदीचा एसी 30. चार ईएल84 ट्यूब, दोन बारा इंची स्पीकर, वजन 32 किलोच्या आसपास. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत असाल, तर हा आकडा पुन्हा एकदा वाचा.

वाजवताना मोठा फरक जाणवतो तो स्पर्शात. एसी 30 मध्ये निगेटिव्ह फीडबॅक नाही. म्हणजे पॉवर विभागाला आवरून धरणारी, त्याच्या चुका परत दुरुस्त करणारी वाट सर्किटमध्ये ठेवलेलीच नाही. डीलक्समध्ये ती आहे. त्यामुळे डीलक्स बराच वेळ स्वच्छ राहतो आणि मग ठरावीक ठिकाणी फाटतो. एसी 30 मध्ये ही सीमा पुसट असते. बोटाच्या जोरावर आवाज सतत आत-बाहेर करत राहतो. गिटारचा व्हॉल्यूम 10 वरून 6 वर आणला की अ‍ॅम्प जवळपास स्वच्छ होतो, तेही वरचा चकाकता भाग फारसा न हरवता. क्वीन बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांनी आयुष्यभर हाच अ‍ॅम्प वापरला तो असल्या गुणांसाठी. फक्त ते आधी ट्रेबल बूस्टर लावून अ‍ॅम्प पूर्ण उघडा ठेवतात आणि सगळं नियंत्रण गिटारच्या व्हॉल्यूमवर करतात.

नॉब मात्र सवयीचे नाहीत. टॉप बूस्ट चॅनेलमधले बेस आणि ट्रेबल एकमेकांत गुंतलेले असतात. दोन्ही वाढवले की मधला भाग खाली बसतो, दोन्ही उतरवले की तो वर येतो. ‘टोन कट’ हा नॉब वाढवला की ट्रेबल कमी होतो. दुकानात पहिल्या पाच मिनिटांत बरेच जण सगळे नॉब मध्यावर ठेवतात, ‘फारच तीक्ष्ण आहे’ म्हणतात आणि निघून जातात. कट अर्ध्याच्या पुढे नेऊन बघा, मग मत बनवा.

स्पीकरही तपासा. एसी 30 ग्रीनबॅक किंवा अल्निको ब्लू स्पीकरांसह मिळतो. सेलेस्चनचा ब्लू एकेक 15 वॅटचाच, म्हणजे दोन मिळून 30 वॅटच्या अ‍ॅम्पला जेमतेम काठोकाठ. पण त्याची संवेदनशीलता 100 डेसिबल आहे, ग्रीनबॅकची 98. ब्लू तोच आवाज जास्त मोकळा आणि चकाकता करतो. ग्रीनबॅक मधल्या सुरांत जाड. माझं मत विचाराल तर एसी 30 ब्लूशिवाय घेण्यात अर्धी मजा जाते, आणि पैसे कमी पडत असतील तर हाताने वायरिंग केलेल्या आवृत्तीपेक्षा आधी स्पीकरवर खर्च करावा.

एक फुकटचा वाद: ‘एसी 30 क्लास ए आहे’. क्लास ए म्हणजे पॉवर ट्यूब पूर्ण वेळ चालू, क्लास एबीमध्ये त्या जोराच्या वेळी आळीपाळीने काम करतात. जाहिरातीत तसं म्हणतात, पण पूर्ण ताकदीला तो क्लास एबीमध्येच जातो. कानाला जे आवडतं ते बहुतांशी फीडबॅक नसण्यामुळे आणि ईएल84 मुळे. दुकानदाराशी यावर भांडण्यात वेळ घालवू नका.

मार्शल आणि मेसा

1962 मध्ये लंडनच्या हॅनवेल भागातल्या जिम मार्शल यांच्या दुकानात जेटीएम45 बनला तो फेंडरच्या बेसमन अ‍ॅम्पचं सर्किट समोर ठेवून. त्यातून पुढे 100 वॅटचा सुपर लीड आला आणि 1981 मध्ये जेसीएम800. सुपर लीडला मास्टर व्हॉल्यूम (फाटलेपणा तसाच ठेवून एकूण आवाज कमी-जास्त करणारा नॉब) नाही. त्याचा गाजलेला आवाज पॉवर ट्यूब आणि चार स्पीकरच्या कॅबिनेटला घाम फोडल्यावरच येतो. स्वतःचा स्टुडिओ किंवा नियमित मोठी स्टेज असल्याशिवाय 100 वॅटचा विचार करू नये, असं मी स्पष्टच सांगेन. 20 वॅटचे स्टुडिओ मालिकेतले दोन अ‍ॅम्प, एसव्ही20 आणि एससी20, अनुक्रमे सुपर लीड आणि जेसीएम800 च्याच धाटणीचे आहेत आणि 5 वॅटवरही चालतात. 100 चं 20 केल्याने फक्त 7 डेसिबल उतरतात, हे मात्र विसरू नका.

मेसाचा विचार नेमका उलट दिशेने झाला. रँडल स्मिथ यांनी छोट्या फेंडरमध्ये फेरफार करता करता प्रीअ‍ॅम्पमध्ये एकामागोमाग गेन वाढवणारे टप्पे बसवले आणि शेवटी मास्टर व्हॉल्यूम ठेवला. त्यामुळे लांबलचक टिकणारा, गाणारा लीड आवाज कमी व्हॉल्यूमलाही मिळायला लागला. मार्क सेव्हन 90, 45 किंवा 25 वॅटवर चालतो, आणि स्पीकरशिवाय थेट रेकॉर्डिंगसाठी आतच कॅबिनेटचं अनुकरण आहे. फ्लॅटमध्ये हेडफोनवर ट्यूबचा लीड हवा असलेल्याला चौघांत हाच सोयीचा.

पण याला शिकावं लागतं. मार्कमध्ये टोनचे नॉब गेनच्या टप्प्यांआधी येतात. बेस मध्यावर ठेवला तरी फाटताना आवाजाचा चिखल होतो. बेस जवळपास शून्यावर आणायचा, ट्रेबल वर न्यायचा, आणि खालचा जोर पुढच्या पाच पट्ट्यांच्या ग्राफिक इक्वलायझरवर परत द्यायचा. हे ज्याला कुणी सांगितलेलं नसतं तो महिनाभर वैतागून अ‍ॅम्प विकायला काढतो. जुने मार्क चांगल्या स्थितीत मिळतात त्यातले काही असेच.

बायस, वीज आणि अमेरिकेहून येणारा अ‍ॅम्प

जाहिरातीत न येणारी पण आपल्याकडे खरेदी ठरवणारी गोष्ट म्हणजे पॉवर ट्यूब बदलणं. बायस म्हणजे ट्यूब शांत असताना तिच्यातून किती करंट वाहायचा ते ठरवणारी मांडणी. एसी 30 कॅथोड बायसवर चालतो, ती स्वतःच जुळवून घेते. जुळवलेल्या चार ट्यूब आणा, बसवा, झालं. मात्र ईएल84 इथे तापून काम करतात आणि लवकर दमतात. डीलक्स आणि मार्शलमध्ये नव्या ट्यूबनंतर बायस मोजून बसवावा लागतो, आणि आत 400 व्होल्टच्या वर असतात, प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये उरतात. हे जाणकाराचं काम, घरगुती उद्योग नव्हे. मेसाने बायस बहुधा पक्काच ठेवलेला असतो आणि त्याला जुळणाऱ्या ट्यूब निवडून घ्याव्या लागतात. तुमच्या शहरात अ‍ॅम्प उघडणारा भरवशाचा माणूस नसेल, तर एसी 30 च्या पारड्यात आणखी एक वजन टाका.

अमेरिकेतल्या भावाकडून अ‍ॅम्प मागवायचा मोह होतो. डीलक्स 19 किलोचा, 23 किलोच्या बॅगेत खोक्यासकट काठावर बसतो. एसी 30 बसत नाही. सीमाशुल्काचा खर्च धरूनच हिशोब करा. मागच्या पाटीवर 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ लिहिलेलं असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेलच, निदान 500 व्हीएचा. आपल्या 50 हर्ट्झवर 60 हर्ट्झसाठी बनलेला ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो. म्हणून 120 ऐवजी 110 व्होल्ट मिळणं इथे पथ्यावरच पडतं. स्वस्तातल्या स्टेप-डाउनच्या सॉकेटला अर्थिंगच नसतं, ते मात्र चालणार नाही. गिटारच्या तारा अ‍ॅम्पच्या धातूच्या चासीशी जोडलेल्या असतात, बिघाड झाला तर शॉक थेट हाताला.

230 व्होल्टचा अ‍ॅम्प घेतला तरी भागात वीज 250 ला जात असेल तर ट्यूबच्या हीटरला 6.3 ऐवजी जवळपास 6.9 व्होल्ट मिळतात, म्हणजे सहनशक्तीच्या काठावर. चांगला स्टॅबिलायझर लावा. वीज गेल्यावर स्क्वेअर वेव्हच्या घरगुती इन्व्हर्टरवर वाजवू नका: आतला उच्च व्होल्टेज बराच खाली येतो आणि वर भणभण.

कमी व्होल्टेजने आवाज लवकर फाटतो हेही खरं. गिटारवादक एडी व्हॅन हेलन यांनी व्हॅरिअ‍ॅक (व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) लावून आपल्या मार्शलला मुद्दाम कमी व्होल्टेज दिला होता. घरासाठी त्यापेक्षा लोड बॉक्स बरा: टू नोट्स कॅप्टर किंवा युनिव्हर्सल ऑडिओ ऑक्स. तो अ‍ॅम्प आणि स्पीकरच्या मध्ये बसतो, पॉवर ट्यूब मोकळेपणी फाटू देतो आणि बाहेर पडणारा आवाज आवरतो. मार्शल आवडत असेल पण फ्लॅट असेल, तर त्याचे पैसे सुरुवातीलाच बजेटमध्ये धरा. लोड किंवा स्पीकर काढून ट्यूब अ‍ॅम्प चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

जुना अ‍ॅम्प बघायला जाताना स्वतःची गिटार आणि केबल न्या. अ‍ॅम्प वीस मिनिटं तापू द्या, मग गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणून नुसती घरघर ऐका. पाठीमागून प्रीअ‍ॅम्प ट्यूबवर पेन्सिलच्या टोकाने हलकी टिचकी मारा. एखाद्या ट्यूबवर स्पीकरमधून घंटेसारखा टणत्कार आला तर ती बदलायला झाली आहे, स्वस्तात होतं. वीस मिनिटांनी आवाज हळूहळू बसत असेल, किंवा पॉवर ट्यूबच्या आतली धातूची प्लेट लालबुंद दिसत असेल, तर अ‍ॅम्प लगेच बंद करायला सांगा आणि भाव करायच्या आधी तो दुरुस्तीवाल्याकडे न्यायची अट घाला.