फोकस तर्जनीवर ठेवायचा की अंगठ्यावर?

नवा कॅमेरा हातात आला की शटरचं एकच बटण दोन कामं करत असतं: अर्धं दाबलं की फोकस, पूर्ण दाबलं की फोटो. बॅक बटन फोकसमध्ये या कामांची वाटणी होते. फोकस मागच्या एएफ-ऑन (एएफ म्हणजे ऑटोफोकस) बटणावर, म्हणजे अंगठ्याकडे जातो आणि तर्जनीकडे फक्त क्लिक उरतं. कॅननने ही सोय १९८९ साली ईओएस ६३० या फिल्म कॅमेऱ्यात दिली होती, तेव्हा यात नवलाई काही नाही. तरी पक्षी टिपणाऱ्यांच्या घोळक्यात "अजून शटरवरच फोकस करतोस?" असं विचारणारा एक जण भेटतोच. त्याचं ऐकण्याआधी आपण बहुतेक वेळा काय टिपतो, ते बघा.

फरक खरा जाणवतो तो समोरचा जीव घडीत स्थिर, घडीत पळता असेल तेव्हा. भिगवणला होडीत बसून खंड्या टिपताय असं धरा. तो काठीवर बसलाय तोवर फोकस एकदा घेऊन तिथेच थांबवायचा आणि फ्रेम हवी तशी सरकवायची. शटरवर फोकस असेल तर त्यासाठी एकदाच फोकस घेऊन थांबणारा एएफ-एस मोड लागतो, कॅननवाल्यांचा वन शॉट. खंड्याने सूर मारला की मात्र सतत मागे लागणारा एएफ-सी हवा, म्हणजे सर्व्हो. तुम्ही मोड बदलेपर्यंत खंड्या मासा घेऊन काठीवर परत आलेला असतो. फोकस अंगठ्यावर असला की कॅमेरा कायम एएफ-सीमध्येच ठेवायचा. अंगठा उचलला की फोकस आहे तिथे थांबतो, दाबून धरला की पक्ष्यामागे लागतो. मोडला हात लावायची गरजच पडत नाही.

ताडोबात बांबूच्या जाळीमागे वाघ बसलेला असतो, तेव्हा दुसरा फायदा कळतो. कॅमेरा हटकून पुढची काडी पकडतो. तुम्ही लेन्सची रिंग फिरवून फोकस वाघाच्या डोळ्यावर आणता, पुन्हा शटर दाबता आणि कॅमेरा पुन्हा काडीवर. फोकस अंगठ्याकडे असेल आणि अंगठा उचललेला असेल, तर क्लिक करताना रिंगने लावलेला फोकस हलत नाही. एएफ चालू असतानाही रिंग फिरवता येईल अशी लेन्स मात्र हवी.

लग्नातही तेच. शेवटच्या "सावधान"ला अंतरपाट खाली येतो आणि अक्षतांचा मारा सुरू होतो. शटरवर एएफ-सी असेल, तर नवरीच्या चेहऱ्यावरचा फोकस सोडून कॅमेरा मध्येच तांदळावर जातो, नाहीतर कुणा काकांच्या पुढे आलेल्या हातावर. मंगलाष्टक संपायच्या आत नवरीच्या चेहऱ्यावर फोकस घ्यायचा, अंगठा उचलायचा आणि मग तर्जनी हवी तेवढी चालवायची. हार घालायला ती पुढे झाली की पुन्हा अंगठा, कारण अंतर बदललं.

एक गैरसमज मात्र काढून टाकावा. फ्रेमच्या मधल्या फोकस पॉइंटने फोकस घेऊन मग फ्रेम सरकवायची सवय बॅक बटनमुळे सोपी होते, अचूक होत नाही. ८५ एमएम लेन्स, एफ १.८ इतकं उघडं अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र), फुल फ्रेम म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा आणि माणूस २ मीटरवर असेल, तर शार्प दिसणारी पट्टी जेमतेम ६ सेंटीमीटरची असते. डोळ्यावर फोकस घेऊन कॅमेरा १० अंशांनी वळवलात, तर फोकसचं प्रतल डोळ्याच्या जवळपास ३ सेंटीमीटर मागे जातं, म्हणजे डोळा त्या पट्टीच्या अगदी कडेला. कान शार्प, डोळा मऊ. बटण कुठलंही असलं तरी भूमिती तीच, म्हणून उघड्या अ‍ॅपर्चरला पॉइंटच डोळ्यावर न्यावा.

आणि इथेच अंगठ्याची अडचण सुरू होते. पॉइंट सरकवायची जॉयस्टिकही त्याच्याकडेच असते. फोकस धरून ठेवायचा की पॉइंट हलवायचा, हे दोन्ही त्याला एका वेळी जमत नाही. शटरवर फोकस असला की अंगठा जॉयस्टिकसाठी मोकळा राहतो. ढोल-ताशाच्या गर्दीत हात वर करून कॅमेरा डोक्यावर धरला, तर मागचं बटण सापडतच नाही. तर्जनी मात्र शटरवर आपसूक असते. शिवाय तुम्हाला स्वतःला फोटोत यायचं म्हणून कॅमेरा मेव्हण्याच्या हातात दिलात, तर तो बिचारा शटर दाबत राहील आणि सगळे फोटो धूसर येतील.

मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा घेणाऱ्यांसाठी हिशेब आणखी बदललाय. सोनीच्या ए६४०० मध्ये २०१९ साली शटर अर्धं दाबताच डोळा पकडून ठेवणारा आय एएफ आला. आता ही सोय सर्रास मिळते. माणसाचा डोळा कॅमेराच धरून ठेवत असेल, तर फोकस थांबवून फ्रेम सरकवायचं कारणच उरत नाही. माझ्या मते पोर्ट्रेट आणि घरगुती समारंभांसाठी मिररलेसवर बॅक बटनचा अट्टाहास नको. बांबू आणि अक्षता मात्र आय एएफलाही चकवतात.

पक्षी, जंगल किंवा मैदानी खेळ आरशाच्या डीएसएलआरवर टिपत असाल, तर मी बिनदिक्कत अंगठा म्हणेन. निकॉनवाल्यांनी एक लक्षात ठेवावं: व्हीआर लेन्सचं, हाताची थरथर सावरणारं स्थिरीकरण एएफ-ऑन दाबून सुरू होत नाही, त्यासाठी शटर अर्धं दाबलेलं लागतं. शटरवरचा फोकस काढायला सोनीत "एएफ विथ शटर" आणि फुजीत "शटर एएफ" बंद करावं लागतं. निकॉन डी५६०० वर एएफ-ऑन नाही, तिथे एई-एल/एएफ-एल बटणाला ते काम देता येतं. कॅनन १५००डीवर ताऱ्याचं बटण कामी येतं. कॅमेरा घेण्याआधी दुकानात अंगठा त्या बटणापर्यंत आरामात पोचतो का ते बघा. लहान बॉडीवर मोठी लेन्स लावली की पकड सैल होते.

फोकस अंगठ्यावर न्यायचं मन होत नसेल, तर मधला मार्ग आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. फोकस शटरवरच ठेवा, कॅमेरा एएफ-सीमध्ये ठेवा आणि मागच्या बटणाला फोकस थांबवायचं काम द्या. निकॉनमध्ये एएफ लॉक, कॅननच्या बऱ्याच मॉडेलमध्ये एएफ स्टॉप. अक्षता उडायला लागल्या की अंगठा दाबायचा, ओसरल्या की सोडायचा. बांबूमागच्या वाघासाठी मात्र बटण दाबूनच ठेवावं लागतं, आणि वाघ अर्धा तास बसला तर अंगठा दुखतो.