सीपॅपचा मास्क: मुंबईत मिळणाऱ्या काही मास्कचं परीक्षण, आणि फुल फेस आधी का नको

झोपेत घसा बंद होऊन श्वास अडतो (स्लीप ॲप्निया) असा स्लीप स्टडीचा, म्हणजे झोपेच्या तपासणीचा, रिपोर्ट येतो, डॉक्टर सीपॅप, म्हणजे मास्कमधून सतत दाबाची हवा देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन, लिहून देतात, डीलरचा माणूस मशीन घेऊन घरी येतो आणि अनेकदा त्याच्या बॅगेतून फुल फेस मास्कच निघतो. नाक आणि तोंड दोन्ही झाकलं की तक्रार येणार नाही, असा त्यामागचा विचार. आमच्या मते हा विचार चुकीचा आहे. नाक मोकळं असेल तर सुरुवात नाकाच्या मास्कनेच करावी.

कारणं सरळ आहेत. फुल फेसची कड नाकाच्या हाडापासून हनुवटीपर्यंत जाते. जितकी कड लांब, तितक्या हवा निसटायच्या जागा जास्त. गळती थांबवायला पट्टे आवळले की मास्क हनुवटीला मागे ढकलतो, जीभही मागे सरकते आणि जो घसा उघडा ठेवायचा तोच अरुंद होतो. म्हणून त्याच माणसाला फुल फेसमध्ये बऱ्याचदा जास्त प्रेशर लागतं. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या 2019च्या मार्गदर्शक सूचनांचा कलही नाकाच्या मास्ककडेच आहे.

‘पण मी तर तोंड उघडं टाकून झोपतो’ हा हमखास येणारा आक्षेप. पुष्कळांचं तोंड घसा बंद होतो म्हणून उघडतं. प्रेशरने घसा उघडा राहिला की काही दिवसांत तोंड आपोआप मिटू लागतं. तेवढी संधी नाकाच्या मास्कला द्या. त्याआधी नाक कान घसा तज्ज्ञांकडून नाकाचा पडदा वाकडा आहे का, ॲलर्जी आहे का, हे बघून घ्या. पावसाळ्यात भिंतींना ओल येणाऱ्या घरांत तर हे आधी करावं. नाक कायमच बंद असेल, किंवा नाकाच्या मास्कवर रोज सकाळी तोंड कोरडंठाक पडत असेल, तर मात्र फुल फेस योग्य.

आता मास्ककडे वळू.

रेसमेड एअरफिट पी १०. नाकपुड्यांच्या तोंडाशी बसणाऱ्या दोन मऊ सिलिकॉनच्या उशा, वजन ५० ग्रॅमच्या आत, डोक्यामागे दुभागलेला एक लवचीक पट्टा. मिशी असलेल्यांना, चष्मा लावून वाचत झोपणाऱ्यांना आणि तोंडावर काही नको वाटणाऱ्यांना आम्ही हाच आधी सुचवतो. बाहेर जाणारी हवा बारीक जाळीतून पसरून निघते, त्यामुळे आवाज कमी आणि शेजारच्याच्या तोंडावर झोत नाही. एकाच खोलीत चौघं झोपणाऱ्या घरात ही मोठीच सोय. एका पॅकमध्ये सहसा उशांचे तीन आकार येतात. तिन्ही लावून बघितल्याशिवाय ठरवू नका. उशी लहान असेल तर नाकपुडीत आत घुसते आणि दोन रात्रींत कातडी सोलते. बरोबर आकाराची उशी भोकाला फक्त टेकून बसते. दोष दोन. मूळ पट्ट्याला आवळायची सोयच नाही. ताण कमी-जास्त करायचा तो मागचे दोन भाग एकमेकांपासून लांब किंवा जवळ नेऊन, आणि काही महिन्यांत पट्टा सैलावतो. दुसरा, प्रेशर (मशीनवर दिसणारा हवेच्या दाबाचा आकडा, सेंटिमीटर पाण्यात) बारा-तेराच्या वर गेलं की काहींना नाकात हवेचा झोत सहन होत नाही.

रेसमेड एअरफिट एन २०. पूर्ण नाक झाकणारा त्रिकोणी मास्क. कुशनची, म्हणजे चेहऱ्याला टेकणाऱ्या मऊ सिलिकॉनच्या भागाची, कड पातळ आणि लवचीक असल्यामुळे कूस बदलली तरी गळती लवकर सुरू होत नाही. जास्त प्रेशरला पी १०पेक्षा हा सुखाचा. आकार निवडताना नाकाच्या बाजूंना न चिमटणारा सर्वांत लहान कुशन घ्यावा. मोठा घेतला तर खालची कड वरच्या ओठावर येते आणि बोलताना, हसताना उघडते. नाकावरच्या हाडाला वळ उठत असेल तर पट्टे सैल करा. तरीही वळ राहिला तर हा मास्क तुमचा नाही.

रेसमेड एन ३०आय आणि फिलिप्स ड्रीमवेअर. दोन्हींत नळी डोक्याच्या वर, टाळूवर जोडली जाते, हवा गालांवरून खाली येते आणि कुशन नाकाखाली बसतो. वारंवार कूस बदलणाऱ्यांना आणि नळीत गुंतणाऱ्यांना हे उत्तम. कुशीवर झोपल्यावर खालच्या बाजूची नळी दबली तरी वरच्या बाजूने हवा येत राहते. इथे एक गफलत वारंवार होते: कुशनचा आकार बघतात, पण फ्रेमचा (डोक्यावरून गालांवर येणाऱ्या पोकळ चौकटीचा) बघत नाहीत. फ्रेम लहान पडली की ती कानांवर येते आणि कुशन वर खेचते. मोठी असली तर टाळूवरून मागे घसरते. रात्री तेल लावून झोपणाऱ्यांच्या डोक्यावरून तर ती नक्कीच घसरते. दाट मिशी असेल तर नाकाखालचा कुशन नीट टेकत नाही, तेव्हा हे दोन्ही टाळावेत.

रेसमेड एफ २० आणि एफ ३०. फुल फेस घ्यायचाच असेल तर एफ २० भरवशाचा, जास्त प्रेशरलाही टिकणारा. नाकाच्या हाडावर टेकतो, म्हणून चष्मा लावता येत नाही. एफ ३० हाडावर टेकत नाही, नाकाखाली बसतो आणि तोंड झाकतो. डोळ्यांसमोर काही नसल्यामुळे गुदमरल्यासारखं वाटणाऱ्यांना बरा. मात्र प्रेशर वाढलं किंवा झोपेत जबडा खाली आला की तो एफ २०च्या आधी गळतो. फुल फेसचा आकार तोंड किंचित उघडं ठेवून मोजावा, मिटून मोजला तर लहान पडतो. एफ २०चीच फोमच्या कुशनची एअरटच आवृत्ती सुरकुतलेल्या किंवा नाजूक कातडीला छान बसते, पण तो फोम धुता येत नाही आणि वरचेवर बदलावा लागतो. हा खर्च आधीच धरा.

फिशर अँड पायकेलचे एसन २ हा नाकाचा आणि विटेरा हा फुल फेस, दोन्ही चांगले, आणि दोन्हींच्या पट्ट्यांना चुंबक नाहीत. ही बाब किरकोळ नाही. एन २० आणि एफ २०च्या नेहमीच्या आवृत्तीत पट्टा चुंबकाच्या क्लिपने लागतो. पेसमेकर, छातीत बसवलेलं डिफिब्रिलेटर, कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतल्या रक्तवाहिनीवरची धातूची क्लिप किंवा शंट (मेंदूतलं जादा पाणी काढणारी नळी) असेल तर असा मास्क वापरू नये. आधी फिलिप्सने 2022मध्ये आणि मग रेसमेडने 2023मध्ये याबद्दल इशारा दिला: चुंबक अशा उपकरणापासून किमान १५ सेंटिमीटर लांब हवा. शेजारी झोपणाऱ्या माणसाला पेसमेकर असला तरी हेच लागू. डीलर विचारत नाही, म्हणून तुम्हीच सांगा.

त्याहून मोठा धोका हवा बाहेर सोडणारी भोकं नसलेल्या मास्कचा. असे मास्क हॉस्पिटलच्या व्हेंटिलेटरसाठी असतात, आणि अनेकदा त्यांचं कोपर (नळी जोडायचा वाकडा तुकडा) निळ्या रंगाचं असतं. प्रिन्सेस स्ट्रीटच्या किंवा परळच्या सर्जिकल दुकानात नुसता ‘सीपॅपचा मास्क द्या’ म्हणून स्वस्तातला उचलला तर हा हाती पडू शकतो. घरच्या मशीनला तो लावला तर सोडलेला श्वासच पुन्हा आत घेतला जातो. मास्क लावून मशीन चालू करा आणि भोकांसमोर तळहात धरा. सतत वारा लागला पाहिजे. ही भोकं गळती समजून कोणी चिकटपट्टीने बंद करू नयेत. खोक्यावर आयातदाराचं नाव, पत्ता आणि सगळ्या करांसहित किंमत छापलेली असते, तीही बघा.

मास्क बसवून बघायचा तो खुर्चीत नाही, उशीवर आडवं पडून. चेहऱ्याचे स्नायू आडवं पडल्यावर सैल पडतात आणि बसून घट्ट वाटलेला मास्क तिथे उघडतो. मशीनचा रॅम्प (कमी दाबाने सुरू करून हळूहळू वाढवायची सोय) बंद ठेवा, किंवा मास्क नीट बसला का तपासायची ‘मास्क फिट’ सोय असेल तर ती चालू करा. चारच्या प्रेशरला सगळेच मास्क शहाण्यासारखे वागतात, खरी परीक्षा तुमच्या रात्रीच्या प्रेशरला. पट्टे सैल ठेवूनच मास्क लावा, हवा सुरू झाली की तो चेहऱ्यापासून थोडा उचला आणि परत टेकवा. दुहेरी कडेचा सिलिकॉन हवेने फुगतो आणि गळती थांबते ती या फुगण्याने, आवळण्याने नाही. त्यानंतर दोन्ही बाजूंचे पट्टे सारखे, थोडे थोडे ओढा. पट्ट्याखाली दोन बोटं गेली पाहिजेत. डोळ्यांकडे हवा येत असेल तर वरचे पट्टे, तोंडाकडे येत असेल तर खालचे. मग डावी कूस, उजवी कूस, उताणं, प्रत्येकी काही मिनिटं.

दुसऱ्या दिवशी मशीनचा आकडा बघा. रेसमेडच्या मशीनवर मिनिटाला २४ लिटरपर्यंतची गळती चालते, त्यावर गेली तर मास्ककडे बघायला हवं. मात्र सेटिंगमध्ये मास्कचा प्रकार बरोबर निवडलेला हवा. भोकांतून मुद्दाम सोडलेली हवा मशीन त्यावरून वजा करतं. मास्क बदलला आणि सेटिंग जुनंच राहिलं तर आकडा चुकतो.

घरातल्या काही सवयी मास्कला मारक आहेत. खोबरेल तेल आणि नाइट क्रीम सिलिकॉन घसरवतात आणि हळूहळू खराबही करतात. मास्क लावण्याआधी तोंड साबणाने धुऊन कोरडं करावं. नाकात किंवा मास्कच्या आत बाम लावू नका. नाकातली चमकी रात्री काढून ठेवा, तिच्या टोकाने कुशनला चीर पडते आणि ती चीर सहजी दिसतही नाही. अंबाड्यावर पट्टा बसवू नये, सैल वेणी पट्ट्याखालून बाहेर काढावी. खुंट वाढलेली दाढी हीसुद्धा गळतीच. एक तर रोज करा, नाही तर पी १० घ्या.

मुंबईच्या हवेत ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारी मशीनची पाण्याची टाकी) वर्षभर एकाच आकड्यावर ठेवून चालत नाही. जुलैत पंख्याखाली झोपणाऱ्याला तो एक-दोनवर पुरतो. एसी लावला की हवा कोरडी होते, नाक सुकतं आणि आकडा वाढवावा लागतो. पण खोली फार गार आणि आकडा मोठा असला तर वाफ नळीतच थिजते, मास्कमध्ये गुळगुळ आवाज येतो आणि नाकावर थेंब पडतात. मग एक तर आकडा कमी करा, नाही तर नळीला कापडी खोळ घाला किंवा गरम होणारी नळी घ्या. मशीन डोक्याच्या पातळीच्या खाली ठेवा, म्हणजे साचलेलं पाणी मास्ककडे न येता टाकीकडे जाईल. खाली गादी घालून झोपत असाल तर मशीन स्टुलावर ठेवू नका. टाकीत डिस्टिल्ड पाणीच घाला.

कुशन रोज सकाळी कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुवा. डेटॉल, स्पिरिट, ब्लीच काही नको. पट्टा आठवड्यातून एकदा पुरे, पण सकाळीच धुवा आणि पंख्याखाली वाळत घाला. पावसाळ्यात संध्याकाळी धुतलेला पट्टा रात्री ओलाच असतो आणि दमट पट्ट्याने मानेवर पुरळ येतं. कुशनही उन्हात टाकू नका, सिलिकॉन कडक होऊन पिवळा पडतो.

खरेदीआधी डीलरला तीन प्रश्न विचारा. आकार बसला नाही तर बदलून देणार का, की पाकीट उघडलं म्हणजे विषय संपला? कुशन वेगळा मिळतो का, की दर वेळी पूर्ण मास्कच घ्यावा लागेल? आणि तो कुशन आज दुकानात आहे का? कुशन मऊपणा गमावतो, त्याची कड लाटेसारखी होते आणि पट्टे आवळल्याशिवाय गळती थांबेनाशी होते, तेव्हा तो बदलायचा. त्या आठवड्यात ‘मागवावा लागेल’ असं उत्तर मिळालं तर थेरपी तुटते, म्हणून त्याच आकाराचा एक जादा कुशन घेऊन ठेवा. मात्र तो पहिले काही आठवडे मास्क वापरून आकार नीट पटल्यावर, आधी नाही.