डीएनए वंशचाचणीचं किट: ते टक्के नेमके कशाचे?

घरबसल्या थुंकी पाठवायची आणि 'आपण कोणत्या वंशाचे' ते कळेल, या अपेक्षेने २३अँडमी किंवा अँसेस्ट्रीडीएनए या अमेरिकी कंपन्यांचं किट मागवत असाल तर थांबा. हरवलेले नातेवाईक शोधायला ही किट्स उत्तम आहेत. वंश मात्र ती सांगू शकत नाहीत, अहवालात प्रदेशांचे टक्के येत असले तरी.

नमुना देणं अवघड नाही, पण गडबड होते ती तिथेच. आधी अर्धा तास खाणंपिणं, धूम्रपान, च्युइंगगम बंद. थुंकी नळीवरच्या रेषेपर्यंत हवी, साधारण २ मिलीलीटर. फेस त्यात धरू नका. धरला तर डीएनए कमी भरतो आणि नमुना पुन्हा द्यावा लागतो. मग नरसाळ्याचं झाकण घट्ट दाबून बसवा, म्हणजे त्यातलं द्रावण खाली उतरतं. डीएनए वाटेत टिकतो तो या द्रावणामुळे. नरसाळं काढा, छोटं झाकण लावा, पाचेक सेकंद हलवा. नळीचा क्रमांक पाठवण्याआधीच खात्यात नोंदवा.

प्रयोगशाळेत सगळा जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए, वाचत नाहीत. सुमारे ३०० कोटी अक्षरांपैकी ६-७ लाख जागा चिपवर तपासतात आणि एकेक तुकडा कंपनीच्या संदर्भसंचाशी ताडतात. संदर्भसंच म्हणजे पूर्वज एकाच प्रदेशातले असल्याचं माहीत असलेली, आजची माणसं. 'अमुक प्रदेश ३२ टक्के' याचा अर्थ तुमचे तेवढे तुकडे त्या माणसांशी जास्त जुळले, इतकाच. अँसेस्ट्रीने २०१८ मध्ये संदर्भनमुने सुमारे ३ हजारांवरून १६ हजारांवर नेले, तेव्हा जुन्या ग्राहकांचे टक्के बदलले. नमुना तोच, हिशेब नवा.

२३अँडमीच्या अहवालात खात्रीची पातळी बदलता येते. सुरुवातीला ती ५० टक्क्यांवर असते, ती ९० वर नेऊन बघा. बारीकसारीक प्रदेश गळतात, बराचसा भाग ढोबळ गटांत जातो. अख्ख्या अहवालातली ही सर्वांत प्रामाणिक जागा.

मग गोरे, काळे, पिवळे या गटांचं काय? जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७२ मध्ये दाखवलं की जनुकीय फरकातला सुमारे ८५ टक्के भाग एकाच समाजातल्या माणसामाणसांत असतो. वंशावंशांतला जेमतेम ६ टक्के. त्यावर संख्याशास्त्रज्ञ ए. डब्ल्यू. एफ. एडवर्ड्स यांनी २००३ मध्ये घेतलेला आक्षेपही रास्त होता: एकेक जागा फारसं सांगत नसली तरी पुष्कळ जागा एकत्र पाहिल्या की पूर्वजांचा प्रदेश ओळखता येतो. किट चालतं ते यावरच. पण प्रदेश ओळखता आला म्हणून माणसं चार-पाच कप्प्यांत विभागलेली आहेत असं होत नाही. २००२ च्या एका गाजलेल्या अभ्यासात ५२ समाजांतले १,०५६ जण होते. संगणकाला पाच गट पाडायला सांगितले तर ते ढोबळमानाने खंडांप्रमाणे पडले. सहा सांगितले, तर सहावा गट निघाला पाकिस्तानातल्या छोट्याशा कलाश समाजाचा! गट किती, हे सांगणारा ठरवतो. आणि कातडीचा रंग तर फारच फसवा: मेलानेशियातले (ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येकडच्या बेटांवरचे) लोक दिसायला आफ्रिकी लोकांसारखे काळे, पण जनुकांनी पूर्व आशियाई लोकांना जास्त जवळचे.

हा वाद निव्वळ पुस्तकी नाही. मूत्रपिंडाचं काम मोजणाऱ्या २००९ च्या ईजीएफआर सूत्रात कृष्णवर्णीय रुग्णाचा आकडा १.१५९ ने गुणत. क्रिएटिनिन (मूत्रपिंड रक्तातून गाळून टाकतं तो टाकाऊ पदार्थ), वय, लिंग सारखं असूनही त्याचं मूत्रपिंड कागदावर १६ टक्के बरं दिसायचं, आणि त्यामुळे प्रत्यारोपणाच्या यादीत नाव लागायला उशीर होऊ शकत असे. २०२१ च्या सूत्रातून हा गुणक काढला, ते योग्यच झालं. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही रंग बघून येत नाही. मलेरियाच्या पट्ट्यात तो आढळतो. आफ्रिकेत, तसाच भूमध्य समुद्राकाठी, अरबस्तानात आणि भारतात.

नातेवाईकांची यादी मात्र भरवशाची. आईवडील-मूल, सख्खी भावंडं, चुलत-मावस भावंडं ही नाती सहसा चुकत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या आपसातच लग्नं होणाऱ्या समाजात दूरचं नातं जवळचं दिसतं, तेवढं लक्षात ठेवा.

गोपनीयतेचे गुण कापावेच लागतील. २०२३ मध्ये २३अँडमीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. निकाल आला की कच्चा डेटा (तुमच्या डीएनएच्या तपासलेल्या जागांची फाइल) उतरवून घ्या, मग सेटिंग्जमध्ये जाऊन साठवलेला नमुना नष्ट करायला सांगा आणि खातं बंद करा. क्रम हाच ठेवा. खातं आधी बंद केलं तर डेटा हाती येत नाही.