४४९ रुपयांचं स्क्रूड्रायव्हर किट: बिटं (बदलायची टोकं) २४, कामाचं एक (सात महिन्यांनंतर)

किट घेतलं ते रागाच्या भरात. माझा पीएस फोर गेमिंग कन्सोल (पहिलं जाडं मॉडेल) वीस मिनिटांत घोंघावायला लागायचा आणि गरम झाल्याचं सांगून बंद पडायचा. इथे इंदूरला जेल रोडवरच्या एका दुकानदाराने न उघडताच २,८०० सांगितले. वर, "भिया, बोर्ड भी जा सकता है." दोष आमच्या शोकेसचाही. मागून बंद, पुढे काच, आणि आत कन्सोल कोंबलेला.

मागचे स्क्रू चांदणीसारखे, मधोमध बारीक खुंटी. बिटाला भोक नसेल तर ते बसतच नाही. टी-९ सिक्युरिटी मापाचं बिट घ्या, टी-८ पण चालून जातं. हे भोकवालं बिट या किटात आहे, बाकी २३ अजून कोरी. म्हणजे मला एकच बिट ४४९ ला पडलं!

खालचं झाकण निघालं की पंखा समोरच दिसतो. हीटसिंकच्या (चिपची उष्णता खेचणाऱ्या) पट्ट्या मात्र पॉवर सप्लायखाली. त्याचे स्क्रू काढा, वायर जपून सोडवा आणि तो सरळ वर उचला. प्लग आधीच काढून ठेवा, आणि सप्लायचा डबा उघडू नका, आतल्या कॅपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही चार्ज राहतो. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरायचं, फिरू द्यायचं नाही. स्वच्छतेत वर्षानुवर्षं देशात पहिल्या आलेल्या शहरातलं यंत्र, आणि आतून अक्षरशः लोकर निघाली. शेवेचे दोन तुकडेही. ते माझेच.

तेव्हा पाच तारे दिले होते. दोन महिन्यांत पुन्हा तोच घोंघाट. धूळ हे अर्धंच कारण होतं, चिपवरची थर्मल पेस्ट (चिपची उष्णता हीटसिंकला पोचवणारा लेप) वाळून खडू झाली होती. त्यासाठी अख्खा मदरबोर्ड बाहेर काढावा लागतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, वाटाण्याएवढी नवी पेस्ट लावली. तीन तास गेले. एक स्क्रू उरला, तो आईच्या कुंकवाच्या करंड्यात आहे. पण पाच महिने झाले, कन्सोल गप्प आहे.

तरी आता तीनच तारे. दुसऱ्यांदा उघडतानाच त्या बिटाचे कोपरे गोल झाले. ज्या एका बिटासाठी पैसे मोजले, नेमकं तेच मऊ लोखंडाचं!

किट सध्या रामबागेत आत्याकडे आहे. तिच्या मिक्सरच्या तळाला तीनकोनी स्क्रू निघाला. ते बिट या चोवीसांत नाही.