‘वीस टक्के सूट’ आणि आबांचं इन्सुलिन

आमच्या आबांची शुगर काही केल्या उतरेना. डोस तोच, भाकरी तेवढीच, रंकाळ्यावरचं चालणंही चुकत नव्हतं. डॉक्टरांनी इन्सुलिनची युनिट वाढवली, तरी फरक नाही. शेवटी त्यांनीच विचारलं, "इन्सुलिन आणता कुठनं? खोकं घेऊन या बघू."

खोक्यावर मुदत पुढच्या वर्षाची होती. आतल्या कार्ट्रिजवर, म्हणजे पेनात बसवायच्या इन्सुलिनच्या नळीवर, मात्र बॅच नंबर वेगळा, आणि मुदत संपून कित्येक महिने झालेले. नव्या खोक्यात जुना माल! खोक्याचं सील तर आधीच फोडलेलं. आबांना चष्मा लावूनही ती बारीक अक्षरं वाचता येत नाहीत, हे गल्ल्यावरच्या माणसाला चांगलं ठाऊक होतं.

मेडिकल राजारामपुरीतलं. बोर्डावर दुकानाच्या नावापेक्षा ‘२० टक्के सूट’ मोठं. मालक गोड बोलणारा, "आबा, या, बसा" म्हणून चहा सांगणारा. चहा सांगणाऱ्यावर संशय घ्यायची आपल्याकडं रीत नाही.

आणि बिल? पॅडच्या कागदावर नुसता आकडा. आबांनी विचारलं की ठरलेलं उत्तर, "पक्क्या बिलाला सूट बसत नाही ओ." सगळा डाव इथंच आहे. पक्क्या बिलावर औषधाचं नाव, बॅच नंबर, मुदत आणि दुकानाचा परवाना क्रमांक येतो. बॅच नंबर कागदावर आला की माल त्याच दुकानातून गेला हे सिद्ध होतं. वीस टक्के सोडून त्यानं आमच्याकडचा पुरावाच विकत घेतला होता.

जाब विचारायला गेलो तर आधी म्हणाला, "हे आमचं नव्हंच." आवाज चढल्यावर सूर बदलला. "आणा इकडं, बदलून देतो. विषय संपवा की." कार्ट्रिज दिलं नाही. असं कुणी बदलून देतो म्हणालं तर हातातली वस्तू सोडू नका, तेवढाच पुरावा उरलेला असतो. खोकं, कार्ट्रिज, कच्ची चिठ्ठी, सगळ्याचे फोटो काढून ठेवा.

तिथं उभ्या उभ्या आणखी बरंच दिसलं. इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं. यांच्या फ्रिजमध्ये थंड पेयांच्या बाटल्या आणि दुधाच्या पिशव्या, थर्मामीटर कुठंच नाही. काउंटरवरचं पोरगं साधं, बोलून गेलं की रात्री दुकान बंद करताना मेन स्विचच पाडतात. भिंतीवर परवाना लावलेला, पण ज्या फार्मासिस्टचं नाव होतं ते कधी येतात, हे पोराला सांगता येईना. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं. मुदत संपलेला माल कंपनीला परत जाईपर्यंत वेगळ्या खोक्यात, ‘विक्रीसाठी नाही’ असं लिहून ठेवायचा, हेही १९४५ च्या औषध नियमांत स्पष्ट आहे.

अन्न व औषध प्रशासनाकडं लेखी तक्रार दिली आहे. त्यांचा टोल फ्री नंबर १८००-२२२-३६५. तिथंही पहिला प्रश्न आला तो बिलाचाच.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांनी सांगितली नसती तर आम्हाला सुचलीच नसती. निकामी इन्सुलिनवर शुगर उतरत नाही म्हणून डोस वाढवत नेलेला असतो. चांगलं इन्सुलिन आणून तोच वाढीव डोस टोचला तर शुगर धाडकन खाली येते, माणूस घाम फुटून बेशुद्धही पडू शकतो. आबांची युनिट डॉक्टरांनी त्याच दिवशी कमी केली आणि सुरुवातीला दिवसातून चार वेळा शुगर तपासायला लावली. तुमच्या घरी असा माल सापडला तर दुकानदाराशी भांडण नंतर करा. नवं इन्सुलिन टोचायच्या आधी डॉक्टरांना फोन लावा.