उबुंटूवर फायरफॉक्स: स्नॅप की डेब?

नवीन उबुंटू (लिनक्सवर आधारित ऑपरेटिंग सिस्टिम) टाकलेल्या मैत्रिणीने विचारलं, आयता आलेला स्नॅप फायरफॉक्स ठेवू की फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचा डेब घेऊ? स्नॅप म्हणजे प्रोग्रॅमला लागणारं बरंचसं सामान एकाच फाइलमध्ये देणारं पॅकेज, आणि डेब म्हणजे उबुंटूचं जुनं, नेहमीचं पॅकेज. उबुंटू २२.०४ पासून नेहमीच्या एपीटी भांडारातलं (जिथून उबुंटू डेब पॅकेजं उतरवतं) फायरफॉक्स पॅकेज तुम्हाला स्नॅपकडेच नेतं. मोझिलाने स्वतःच्या एपीटी भांडारातून स्थिर आवृत्तीचा डेब जानेवारी २०२४ मध्ये, फायरफॉक्स १२२ पासून, द्यायला सुरुवात केली.

मेहनत: स्नॅपला शून्य. डेबसाठी मोझिलाची सही-किल्ली (पॅकेज खरंच मोझिलाचं आहे हे तपासणारी) आणि भांडार जोडावं लागतं, शिवाय उबुंटूच्या भांडारापेक्षा त्याला प्राधान्य द्यावं लागतं. हे शेवटचं विसरू नका! स्नॅपकडे नेणाऱ्या उबुंटूच्या त्या नामधारी पॅकेजचा आवृत्ती-क्रमांक मोठा धरला जातो, त्यामुळे पुढच्या अपडेटला स्नॅप परत येऊन बसतो.

अपडेट: दोन्ही मोझिलाच प्रकाशित करते, त्यामुळे सुरक्षा दुरुस्त्यांत कुणी मागे नाही. स्नॅप आपोआप ताजा होतो, डेब बाकीच्या सिस्टिमबरोबर.

वेग: स्नॅप आकुंचित फाइलमधून चालतो, म्हणून मशीन सुरू केल्यावर पहिल्यांदा उघडताना रेंगाळू शकतो. जुन्या हार्डडिस्कवर हे जाणवतं.

फाइली: खरा फरक इथे. स्नॅप कुंपणात चालतो. होममधले (तुमच्या स्वतःच्या फोल्डरातले) लपवलेले फोल्डर त्याला दिसत नाहीत, आणि त्याचं टेम्प (तात्पुरत्या फाइलींचं) फोल्डरही वेगळं असतं. सिस्टिमच्या टेम्प फोल्डरातली एचटीएमएल फाइल (वेबपानाची फाइल) उघडायला गेलात तर सापडतच नाही. पण हेच कुंपण सुरक्षेचा एक जादा थर आहे, आणि मला तो मोलाचा वाटतो.

फक्त वेब पाहायचं असेल तर स्नॅप राहू द्या. लोकल फाइलींवर काम असेल किंवा मशीन जुनं असेल तर डेब घ्या. मात्र आधी बुकमार्क निर्यात करा, कारण दोघांचे प्रोफाइल (बुकमार्क, सेटिंग्ज वगैरे) वेगवेगळ्या फोल्डरात असतात.